साहेबांचं निम्मं

आमच्या वैजूचं दुसरं लग्न झालं ते साल दोन हजार एकेचाळीस. पहिल्या नवऱ्यानं तिला सोडलं होतं. तो पुण्याला सुखात आहे, त्याची या गोष्टीत गरज नाही. दुसरा नवरा सुदर्शन मगदूम. पंचेचाळिशीचा, शांत, कपाळावरचे केस बरेच मागं गेलेले. कोल्हापूरजवळच्या आमच्या औद्योगिक वसाहतीत एक थोरला कारखाना आहे, लोखंडाच्या ओतकामाचा. तिथं तो भट्टीवर ऑपरेटर होता. त्याच फाउंड्रीत माझं आणि माझ्या मालकांचं आयुष्य गेलं. ते भट्टीवर मिस्त्री. मी कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्याच्या पोटात बसवायचे वाळूचे गाभे करणाऱ्या बायकांत. कारखान्यात सगळे त्यांना हिंदुराव मिस्त्री म्हणायचे. घरात मीही मिस्त्रीच म्हणत आले.

लग्न कचेरीत झालं आणि जेवण घरी. पंगतीत सुदर्शननं सासऱ्याला विचारलं, "मामा, थोरल्या लेडलचं नवं अस्तर किती तास वाळवायचं?"

मिस्त्री भात कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "विचारतंय कोण, त्यावर हाय."

पंगत हसली. मी हसले नाही, कारण तो विनोद नव्हता.

लेडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीपासून साच्यापर्यंत न्यायची पोलादी बादली. आमच्या थोरल्या लेडलमध्ये म्हैस उभी राहील. लोखंड चौदाशे अंशांना पाण्यासारखं पातळ होतं. नुसत्या पोलादात ओतलं तर ती बादलीच जाईल, म्हणून आतून जाड अस्तर देतात, आच सोसणाऱ्या मातीचं, पाण्यात कालवून ठोकून बसवलेलं. ते झिजलं की काढायचं, नवं घालायचं, आणि गॅसच्या ज्योतीवर हळूहळू वाळवायचं.

हळूहळू का, ते सांगते. अस्तरात पाणी दोन तऱ्हेचं असतं. एक कालवताना घातलेलं मोकळं पाणी. ते उकळलं की निघून जातं. दुसरं मातीच्या कणांनी स्वतःत धरून ठेवलेलं. त्याला कितीतरी जास्त आच लागते, तेव्हा ते सुटतं. घाईनं तापवलं तर अस्तराचा वरचा थर भाजून घट्ट होतो आणि राहिलेलं पाणी उलट मागं, पोलादाकडं सरकतं. बघणाऱ्याला अस्तर खडखडीत दिसतं. तापमान मोजलं तर तेही बरोबर भरतं. मग त्यावर लोखंड पडतं. पाण्याची वाफ होताना ते हजारपटीहून जास्त फुगतं, आणि वर तर लोखंडाचं ओझं असतं. ती वाफ बाहेर येते ती लोखंडाला घेऊन.

थोरल्या लेडलला सहा तास लागतात. मिस्त्रींना ते पक्कं ठाऊक होतं. पण नोकरीत असेपर्यंत ते 'बारा' म्हणत आले.

असं का, हे कारखान्यात न राबलेल्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं खालून वर गेलेली कुठलीही मागणी वर निम्मी व्हायची. कोअर शॉपला दहा जोड हातमोजे लागायचे, आम्ही वीस सांगायचो, दहा मिळायचे. वाळूच्या चार गाड्या हव्या असल्या तर आठ. मिस्त्रींना हे त्यांच्या आधीच्या मिस्त्रींनी शिकवलं होतं, की साहेबांचं निम्मं धरूनच तोंड उघडायचं. मिस्त्री बारा म्हणायचे, किल्लेदार साहेब कपाळाला आठ्या घालून सहा लिहायचे, आणि लेडल नीट वाळायची. कुणी कधी भाजलं नाही. मिस्त्रींना वाटायचं आपण साहेबांना बनवलं. साहेबांना वाटायचं आपण मिस्त्रींना पकडलं. दोघेही खूश होते आणि ही गोष्ट कुणी कुणाला उघड बोलून दाखवत नव्हतं. मिस्त्रींना ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की ते घरीसुद्धा आठ भाकरी सांगायचे आणि चार खायचे. मी चारच थापायचे.

सदानंद किल्लेदार हे आमचे वर्क्स मॅनेजर. गॅस वाचवणारा साहेब म्हणून त्यांचं नाव झालं. त्यावर त्यांनी ओतकामाच्या एका मासिकात लेखही लिहिला, की भट्टीवरचे कामगार सांगतात त्याच्या निम्म्या वेळात अस्तर वाळतं. लेख छापला गेला. आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आता खुल्या कोशाबद्दल. इंटरनेटवरचा हा ज्ञानकोश सगळ्यांचा आहे. कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं सुधारावं. पूर्वी तो पोरं शाळेसाठी वाचायची. मग तो यंत्रं वाचायला लागली. जुन्या यंत्राला एकेक हालचाल शिकवावी लागायची, आणि माल बदलला की सगळं पुन्हा. नव्या यंत्रहातांना शिकवावं लागत नाही. ते रोज सकाळी कोश वाचतात, कामाच्या पानावर काय बदललं ते बघतात आणि आपली रीत आपण ठरवतात. एकाच गोष्टीबद्दल दोन माणसांनी दोन गोष्टी लिहिल्या असतील तर यंत्र पत बघतं. कोशात प्रत्येक लिहिणाऱ्याला आणि प्रत्येक सांगणाऱ्याला पत असते. छापील लेखाला ती जास्त. तोंडी माहितीला कमी, पण सांगणारा खरा ठरत गेला तर तीही वाढते. विमा कंपन्यांनी नियम केला की यंत्रहाताने ठरवलेली वेळ माणसाने बदलायची नाही. माणसाला एकच हक्क ठेवला, हरकतीचा. ऑपरेटरनं हरकत घेतली तर यंत्र थांबतं, पण हरकतीला आधार म्हणून कोशातली एक ओळ दाखवावी लागते. ओळ नसेल तर यंत्र थोडा वेळ वाट बघतं आणि कामाला लागतं.

थोरल्या कारखान्यात असे हात येऊन फार दिवस झाले नव्हते. लेडलच्या अस्तराबद्दल कोशात कुठून तरी भाषांतर केलेल्या चार ओळी होत्या, त्यात तासच नव्हते. यंत्र अंदाजानं चाललं होतं. म्हणून सुदर्शननं लग्नाच्या पंगतीत तो प्रश्न विचारला होता.

पान लिहायला मी बसले. कोशात तोंडी माहिती चालते, पण ती आपल्या नावावर लिहून घेणारं कुणीतरी जबाबदार माणूस लागतं. अक्षरं मी पन्नाशीनंतर शिकले, युनियननं बायकांसाठी वर्ग काढला होता तेव्हा. त्यामुळं मला वेळ लागतो, आणि एकदा लिहिलेलं खोडायचं माझ्या जिवावर येतं. मिस्त्री सांगत गेले. माती कशी कालवायची, ठोकताना थर कसा सोडायचा, पोलादाला बारीक भोकं का ठेवायची, त्यातून वाफ यायची थांबत नाही तोवर लेडल उचलायची नाही. मग मी तास विचारले. ते म्हणाले, बारा.

मी हात थांबवला. "हे साहेबांसाठी न्हाई," मी म्हटलं. "हे पोरांसाठी हाय."

त्यांनी चहा मागितला. खरा आकडा तोंडातून काढायला त्यांना जड जात होतं, जसं काही कुणी खिशात हात घालतंय. शेवटी म्हणाले, "सहा. लिही. आज पैल्यांदा खरं बोललोय, दोन भाकरी तरी जादा कर."

त्या पानाचं चीज झालं. राजकोटहून, कोइमतूरहून माणसं प्रश्न विचारायला लागली. मिस्त्री भट्टीबद्दल, वाळूबद्दल, लोखंडावरची मळी काढण्याबद्दल सांगत गेले आणि मी लिहीत गेले. त्यांची पत चढत गेली. सकाळी चहाबरोबर ते आधी तो आकडा बघायचे. मी चिडवायचे, की आता याचंही निम्मं धरायचं का.

मग किल्लेदार साहेबांनी ते पान बघितलं. निवृत्तीनंतर ते कोशाचं धातुकाम सांभाळत होते, मोठ्या निष्ठेनं, एक पैसा न घेता. त्यांच्याएवढी पत मराठी कोशात फार थोड्यांची होती. त्यांनी सहा खोडून तीन केले. कारण लिहिलं: मूळ माहिती तोंडी आहे, हे कामगार माझ्या हाताखाली होते, त्यांनी सांगितलेल्या वेळेच्या निम्मी वेळ पुरते हे छापील लेखात सिद्ध झालेलं आहे. खाली त्यांच्याच लेखाचा दाखला. मिस्त्रींचे सहा तास पानाच्या तळाला 'वेगळं मत' म्हणून ढकलले.

माझ्या नवऱ्यानं जन्मात एकदा खरं सांगितलं, तर या माणसानं सवयीनं त्याचं निम्मं केलं. विचारायचंही नाही. फोन नाही, निरोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या यंत्रांनी ते पान वाचलं आणि तीन तास धरले. फक्त आमच्या कारखान्यात नव्हे, जिथं जिथं हे हात होते तिथं सगळीकडं.

आणि ते चालूनही गेलं. लहान लेडल तीन तासांत वाळते. उन्हाळ्यात, पातळ अस्तर असेल तर मोठीही निभावून जाते. निभावलेल्या प्रत्येक लेडलची खबर यंत्र कोशाला देतं आणि कोश तीनची पत वाढवतो. यंत्रं न फुटलेल्या लेडल मोजत होती. अस्तराच्या मागचं पाणी कुणी मोजत नव्हतं.

सुदर्शननं आपल्यापुरती वाट काढली. थोरल्या लेडलला नवं अस्तर पडलं की तो हरकत घ्यायचा आणि 'वेगळं मत' मधली मिस्त्रींची ओळ दाखवायचा. मिस्त्रींची पत चांगली होती, यंत्र ऐकायचं. त्याच्या पाळीला लेडल पुरती वाळायची. दुसऱ्या पाळ्यांना कुणी हरकत घेत नव्हतं. घेणाऱ्याच्या नावावर वाया गेलेला वेळ पडतो.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी प्रेमानं घरी बोलावलं. मिस्त्रींना धुतलेली टोपी घालायला लावून मी घेऊन गेले. साहेब एकटेच राहतात. त्यांनी स्वतः चहा केला, गच्चीवरच्या कुंड्या दाखवल्या, मिस्त्रींच्या गुडघ्याची चौकशी केली. मी विषय काढल्यावर ते हसून म्हणाले, "हिंदुराव, तुम्ही बारा सांगायचा, मी सहा करायचो. कधी काही बिघडलं का?"

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही सहा करायचा म्हणून हे बारा सांगायचे. लागतात सहाच."

ते आणखी हसले. मग हसू हळूहळू गेलं. इतकी वर्षं ज्याच्यावर नाव कमावलं ते काय होतं, हे त्यांना माझ्या देखत कळत होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि मिस्त्रींकडं वळले. "खरं आहे का हे?"

मिस्त्री कुंड्यांकडं बघत होते. "आता मला काय आठवत न्हाई, साहेब," ते म्हणाले.

त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता.

साहेबांनी मला कोशाचा नियम समजावला. मिस्त्री दुप्पट सांगत होते असं कुणी जबाबदारीनं जाहीर केलं तर मिस्त्रींची पत शून्य होईल. अस्तराचंच नव्हे, वाळूचं, मळीचं, त्यांनी सांगितलेलं सगळंच रद्द. पण मग साहेबांचा लेखही खोट्या आकड्यावर उभा आहे असं ठरतं. तो त्यांनी मागं घेतला की तीन तासांचा आधार जाईल, यंत्रं ती वेळ सोडून देतील आणि नव्यानं मोजणी होईल.

"तुमच्या बाजूनं जाहीर करा," ते म्हणाले. "त्याच दिवशी मी लेख मागे घेतो. शब्द देतो."

परत येताना मिस्त्री रिक्षात धुमसत होते. घरी आल्यावर बोलले. "मी खोटं बोललो न्हाई. मी सहा तास मिळवले. त्या सहा तासांवर माणसं धडधाकट घरला गेली. आता म्हातारपणी लबाड म्हणून नाव लावून घेऊ?"

मी म्हटलं, तुम्ही मिळवलेले सहा तास आता कुणाला मिळतात ते बघा. ते उठून बाहेर गेले.

रविवारी वैजू आणि सुदर्शन आले. वैजूच्या कानावर सगळं गेलं होतं. सुदर्शन नेहमीच्या सावकाशीनं म्हणाला, "मामी, ऱ्हाऊ द्या. मामांची ओळ हाय तोवर माझ्या पाळीला काय भ्या न्हाई."

मी विचारलं, दुसऱ्या पाळीला कोण असतं? तो म्हणाला, कधी पवार, कधी कोण. क्रेनवर इलाही नदाफ असतो दोन्ही पाळ्यांना. आणि भट्टीशेजारच्या पत्र्याच्या पडद्याच्या पलीकडं कोअर शॉपच्या बायका. त्या बायका मला माहीत होत्या. मी त्यांच्यातूनच आले होते.

"आणि राजकोटला?" मी म्हटलं.

वैजू भडकली. "राजकोटची माणसं तुझी कोण लागत्यात? माझा संसार आत्ता कुठं उभा ऱ्हायलाय, आई. त्याच्या हातातली ओळ तू काढून घेणार, आणि ती कशासाठी, तर साहेबानं शब्द दिला म्हणून?"

तिचं चुकत नव्हतं. माझंही चुकत नव्हतं. एक ओळ होती. ती ठेवली तर माझा जावई सुरक्षित होता आणि बाकी सगळे नशिबावर. काढली, आणि साहेबांनी शब्द पाळला, तर सगळेच सुरक्षित. मी सुदर्शनला म्हटलं, हे होईपर्यंत आठवडाभर रजा काढा. तो हसला. म्हणाला, "आठवडा मागितला तर निम्मा मिळतो, मामी. तुम्हाला काय सांगायचं."

मी साहेबांना पुन्हा फोन केला. सोमवारी दोघांनी एकदमच करायचं ठरलं. त्यांनी शब्दाची आठवण करून देऊ दिली, रागावले नाहीत.

सोमवारी मी लिहिलं: हिंदुराव मिस्त्री नोकरीत असताना अस्तर वाळवण्याची वेळ दुप्पट सांगत होते, कारण वर ती निम्मी केली जात असे. या पानावर सांगितलेले सहा तास मात्र खरे आहेत. मी त्यांची बायको आहे आणि मला हे पहिल्यापासून माहीत आहे.

तीन वाक्यं. मिस्त्री मागं उभे राहून वाचत होते. त्यांनी मला अडवलं नाही, पण त्यानंतर माझ्याशी बोलायचं बंद केलं. बघता बघता त्यांची सगळी पानं करडी झाली. शेजारचा पत दाखवणारा आकडा शून्यावर आला. यंत्राला पहिलं वाक्य कळलं, दुसरं कळलं नाही. खोटं बोललेला माणूस खरंही बोलतो, हे धरायला त्याच्याकडं जागाच नव्हती.

मग मी साहेबांची वाट बघत बसले. संध्याकाळी त्यांची नोंद आली. ती अशी होती: "सदर लेखातील निष्कर्षांचा काही विशिष्ट परिस्थितीत अधिक अभ्यास व्हावा असे वाटते."

मी ती पुन्हा पुन्हा वाचली, की मला वाचता येत नाही म्हणून तर अर्थ लागत नाही ना. मग फोन लावला. ते म्हणाले, मागे घेणं हा फार मोठा शब्द आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेले इंजिनियर आहेत, मासिकाचे लोक आहेत, कुणाकुणाला काय सांगायचं. आणि यंत्र आता हुशार झालं आहे, त्याला आशय समजतो.

"साहेब," मी म्हटलं, "वाक्यसुद्धा तुम्ही निम्मंच लिहिलं."

फोन मीच ठेवला.

'अधिक अभ्यास व्हावा' हे वाक्य कोशातल्या अर्ध्याअधिक पानांखाली असतं. यंत्र त्याला काहीच वजन देत नाही. मंगळवारी सकाळी पानावर एकच आकडा उरला होता, तीन, आणि त्याच्या विरुद्ध बोलणारी एकही ओळ नव्हती. मी पुन्हा लिहिलं, ते टिकलं नाही. लबाडाचं सांगणं लिहून घेतलं म्हणून माझीही पत खाली आली होती. साहेब फोन उचलत नव्हते. मिस्त्री बोलत नव्हते, पण बुधवारी आपणहून कारखान्याच्या फाटकावर गेले. तिथं त्यांना वॉचमनच्या खोलीत बसवून चहा दिला. नवा मॅनेजर बाहेर येऊन अदबीनं म्हणाला, काका, वेळ आमच्या हातात नाही. मिस्त्री चहा न पिता परत आले.

त्याच दिवशी थोरल्या लेडलला नवं अस्तर पडलं. मी वैजूला फोन करून सांगितलं की उद्या सुदर्शनला घरी ठेव. ती म्हणाली, मी पाया पडले, तो ऐकत नाही. तो म्हणतो मी नसलो तर जो असेल त्याला धोका कळायचाही नाही.

पुढचं चौकशी अहवालात आहे, मी पाहिलेलं नाही. गुरुवारी सकाळी तीन तास झाल्यावर यंत्रहातानं ज्योत बंद केली. सुदर्शननं हरकत घेतली. यंत्रानं आधार विचारला. त्यानं मिस्त्रींचं नाव सांगितलं. यंत्रानं कळवलं की ही ओळ आता ग्राह्य नाही, आणि ठरलेला वेळ थांबलं. तेवढ्यात सुदर्शननं पडद्यापलीकडं जाऊन कोअर शॉपच्या बायकांना अंगणात काढलं. त्यातल्या एकीनं साक्षीत सांगितलं की तो ओरडला नाही, म्हणाला, "मावशी, हातातलं टाका आणि भाईर चला." त्या गेल्या. क्रेनवर नदाफ राहिला होता. सुदर्शन त्याला उतरवायला परत आत गेला. लोखंड लेडलमध्ये पडत होतं.

चौकशीत किल्लेदार साहेबांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं. लोक सांगतात, साक्ष फार मुद्देसूद झाली. अस्तरातलं पाणी, भाजलेला थर, मागं कोंडलेली वाफ, सगळं त्यांनी नीट समजावलं. अहवाल छापला गेला. त्यात म्हटलं आहे की या आकाराच्या लेडलला किमान सहा तास लागतात.

आज खुल्या कोशात ते पान उघडलं तर सहा तास लिहिलेले दिसतील. खाली स्रोत म्हणून चौकशी अहवालाचा दाखला आहे. छापील आहे, त्यामुळं पत भरपूर. ही दुरुस्ती किल्लेदार साहेबांनी स्वतः केली. या वेळी वाक्य पुरं लिहिलं. मिस्त्रींचं नाव पानावर कुठंही नाही.

यंत्रांना सहा हा आकडा हवा होता, तो आधीपासून तिथं होता. एका माणसानं खरं सांगितलं होतं आणि एका बाईनं ते अक्षर लावून लावून लिहिलं होतं. त्याला आधार म्हणून दोन प्रेतं लागली. कोशाचा नियम असा आहे हे मला आता कळलं. तो नियम करणाऱ्यांनी आमच्या कोअर शॉपमध्ये येऊन, लाद्यांवर अजून चिकटलेलं लोखंड बघत, तो पुन्हा एकदा वाचून दाखवावा.

वैजू माझ्याशी बोलत नाही. ती सासरीच राहिली, सुदर्शनच्या आईजवळ. गावातली माणसं मला तोंडावर सांगतात, बाई, तू गप्प बसली असतीस तर जावई वाचला असता. खरं आहे. पवारच्या पाळीला पवार गेला असता, आणि बायका आत असत्या. त्यांच्या घरच्यांनी कुणावर बोट दाखवलं असतं मला माहीत नाही. मी मिस्त्रींनाही शेवटपर्यंत माफ केलं नाही. त्या गच्चीत, साहेबांच्या समोर, त्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं असतं तर साहेबांना ते झटकता आलं नसतं. बायकोचं बोलणं झटकता येतं. कामगाराचं कबूल करणं साहेबाला तोंडावर ऐकावं लागलं असतं. हे मी मिस्त्रींना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती, एवढंच.

किल्लेदार साहेब आहेत. अजून कोशात लिहितात.

सुदर्शन मगदूम तेरा मार्च दोन हजार बेचाळीसला, गुरुवारी सकाळी, कारखान्यातच गेला. इलाही नदाफ शनिवारी पहाटे दवाखान्यात गेला. हिंदुराव मिस्त्री त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या आधी, घरी गेले.